तहकूब

दवंडी आता भोंग्यावर असते.
घंटागाडीच्या दोन गाण्यांच्या मध्ये मीच देतो:
ग्रामसभा, शाळेचं पटांगण, सकाळी अकरा.
आले एकवीस. त्यातले चार सावली पाहून पत्ते घेऊन.
ग्रामसेवक साहेब नियमाने अर्धा तास थांबले,
मग लिहिलं, गणपूर्तीअभावी सभा तहकूब.
तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही.
हे मला पाठ आहे, फळ्यावरच्या सुविचारासारखं.

संध्याकाळी रजिस्टर सायकलच्या कॅरियरवर,
शाईचा पॅड खिशात,
आणि मी दारोदार सभा भरवत फिरतो.
नेवारेंच्या गोठ्यात सभा, शेणाचा हात झटकून सही.
किराणा दुकानात सभा,
रजिस्टर ठेवलं काट्यावरच, सव्वा किलो भरलं.
बोरकर गुरुजी चष्मा न लावता करतात.
शेषराव दोन करतो,
एक आपली, एक पोळ्याला वारलेल्या भावाची.
"त्याचं बी नाव राहू दे गावात."

पंचफुला वाघाडेनं लुगड्याला हात पुसले,
उंबऱ्यात बसली. म्हणाली, "वाच."
मावशी, अंगठा द्या फक्त.
"अंगठा माहा हाये. कायले लावतो ते वाच."

विषय एक. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम.
"कोनं वाचलं?"
विषय चार. वॉर्ड तीनमधील नालीचे काम पूर्ण,
सभेने समाधान व्यक्त केले.
ती उठली. नातवाचा मोबाइल घेतला,
त्याच्या उजेडात मला घरामागे नेलं.
नाली तिच्या भिंतीपाशी येऊन संपते.
पुढे नाली नाही,
पाणी आहे.

"लिव्ह. नाली माह्या घरापाशी सरली, पानी नाई सरलं."
मला लिहायचा अधिकार नाही, मावशी.
मी शिपाई. दिवे लावतो, चहा आणतो, व्हॉल्व फिरवतो.
"अर्ध्या गावाचं पानी तुह्या मुठीत,
अन् पेन उचलत नाई तुह्याच्यानं?"

समासात लिहिलं, विषय चारच्या शेजारी,
साहेब जिथे टिकमार्क करतात तिथे.
अक्षर माझं सातवीतलंच.
पानी तिच्या बोलीतलं, तसंच राहिलं.
खाली अंगठा,
असा दाबून की मागच्या पानावर निळा उमटला.

सायकल वळवली तर कुसुम गेडाम फाटकात उभी.
"माह्या घरचं बी लिव्हतं का?"
सहाव्या घरी समास संपला.
मग आडवं लिहिलं.

मंगळवारी तहकूब सभा.
बाया किती होत्या, मी मोजल्या नाहीत,
मोजायचा नियमच नव्हता.
साहेब वाचत गेले भरभर, एक, दोन, तीन,
चारपाशी थांबले.
"हे अक्षर कोणाचं?"
मी चहा आणायला गेलो.

परत आलो तरी ते तिथेच,
बोट समासावर, चष्मा कपाळावर,
आणि समोरून पंचफुला म्हणत होती,
"वाचा ना."