कपाटामागे

"घरात ओल आहे का?"
नवीन डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा मी हसलो
आणि हसू खोकल्यात गेलं.
सोलापुरात, मे महिन्यात, ओल?
पंखा लावला तर तव्यावरची हवा अंगावर येते, बाई,
दोरीवरचा टॉवेल चिमटा लावेपर्यंत कडक होतो.
ओल असती तर आम्ही ती घागरीत भरून ठेवली असती.

त्या हसल्या नाहीत.
एक्स-रे उजेडाला धरून म्हणाल्या, तिसऱ्यांदा, त्याच जागी.
थुंकी दोनदा तपासली, टीबी नाही.
विडी? आई वळते, मी ओढत नाही.
कारखाना? सुटून सहा वर्षं झाली.
मग घर बघा.

घर म्हणजे दीड खोली, दाजी पेठेच्या मागच्या बोळात.
पाणी पाचव्या दिवशी, तेही पहाटे तीनला,
म्हणून तीन ड्रम, अकरा घागरी, एक सिमेंटची टाकी,
सगळं भिंतीला टेकून. शेजारी लोखंडी कपाट.

कपाट हलवलं त्या दिवशी.
राजमणीने एक बाजू धरली, पोरीने दुसरी,
मी नुसतं "हळू" म्हणालो, तेवढाच श्वास होता.

मागे ती होती.
काळी, कडेला हिरवट, जमिनीपासून छातीपर्यंत आलेली.
अठरा वर्षं मी चादरींची नक्षी ग्राफवर भरली,
एकेक घर, मग कार्डाला भोकं.
मोर, हत्ती, कोयरी, काय म्हणाल ते.
मला बघताक्षणी कळलं, हिला काम येतं.
कुठे घर रिकामं सोडायचं, वेल कुठून वळवायची,
सगळं नीट होतं. फक्त रिपीट नव्हता.
रिपीट माझ्या छातीत होता.

अम्मा म्हणाली, बूजु.
तिच्या तेलुगूत बुरशीला आणि कोळ्याच्या जाळ्याला एकच शब्द,
आणि तिच्या मते दोन्ही झाडूने जातात.
झाडूने गेली नाही. ब्लीचिंगने गेली, सतरा दिवस.
मालकाने पिवळा डिस्टेंपर मारून दिला, भाडं शंभरने वाढवलं.
दिवाळीआधीच पिवळ्याखालून ती पुन्हा वर आली,
पाळी बदलून कामावर आल्यासारखी.

मग ताप. मग उशा तीन, मग चार,
झोपणं म्हणजे बसणं.
वाफेचं मशीन रात्रपाळीच्या मागासारखं चालतं,
पोरगी एका हाताने मास्क धरते, दुसऱ्या हातात सायन्सचं पुस्तक.
बुरशीचे बीजाणू हवेतून पसरतात,
ती मोठ्याने वाचत होती, माझ्याकडे बघून थांबली.
वाच की, म्हणालो. परीक्षा आहे ना.

आता दर रविवारी माझ्या जुन्या ग्राफच्या कागदावर
ती भिंतीवरचा डाग उतरवते, खाली तारीख घालते.
मालकाला दाखवायला, म्हणते.
मी सवयीने चुका काढतो:
इथे दोन घरं जास्त भरलीस.
नाना, जास्त नाही भरली. वाढलीय ती.

काल पाण्याचा दिवस.
पाइप धरायचं काम माझं, बसून करता येतं.
ड्रम भरत आला की आवाज बारीक होत जातो,
काठ आला ते न बघता कळतं.
छातीचंही तसंच. डॉक्टरीणबाई नळी लावून ऐकतात, मी न लावता.

राजमणीने ड्रम भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलेत,
मधून हवा खेळेल म्हणाली.
त्या फटीला कान लावला.
पलीकडे यलव्वा मावशींची मोरी, त्यांचंही पाणी चालू होतं,
आणि त्यांचा नातू खोकत होता,
कोरडा, मग ओला, मग दम घेऊन पुन्हा.

रिपीट मला ओळखू आला.
पाइप पोरीच्या हातात दिला,
ग्राफचा एक कोरा कागद घेतला
आणि बोळाला वळसा घालून त्यांच्या दाराशी गेलो,
मधे दोनदा थांबून.