पाठपोट

तबकडी आली देवळाली कॅम्पातून,
एका पारशी बंगल्याच्या भंगारात,
मोडक्या वेताच्या खुर्च्यांखाली, किलोच्या भावाने.
मधलं भोक पेढ्याएवढं.
अत्तारसाहेबांनी खोकल्याच्या औषधाचं बूच
कानशीने घासून त्यात बसवलं.
भद्रकालीत चाळीस वर्षं पंखे दुरुस्त करून
त्यांनी याहून वाकडी चाकं मध्यावर आणलीत.

मी शेजारची, झेरॉक्सवाली.
दिवसभर विचारते : एकच बाजू, की पाठपोट?
रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून
त्यांच्या दुकानात स्टुलावर बसते.

तबकडीची एक बाजू झिजून करडी.
नाचले असतील लोक तिच्यावर, डिसेंबरात, शाली टाकून;
सुईने नांगरून नांगरून जमीन गेली.
दुसरी काळीभोर.
ट्यूबलाइट तिच्यात अखंड दिसते.

शांतवनकाका उबाळे म्हणाले, पालथी घाला.

काका एकतीस वर्षं नाशिकरोडला,
नोटांच्या छापखान्यात तपासनीस.
लोक नोटेचं तोंड बघतात, ते म्हणाले,
पाठीकडे कोण बघतं?
आम्ही बघायचो.
आणि गप्प झाले.
प्रेसमधलं बाहेर बोलायचं नाही
ही सवय पेन्शनलाही सुटली नाही.

आधी ऑर्गन,
शरणपूरच्या चर्चमधल्या पेटीसारखा, थोडा दमेकरी.
मग ड्रम, क्षणभर उशिरा,
जणू वाजवणारा दारात चपला काढत होता.
मग ती बाई.
तिचं नाव चहाच्या डागाखाली गेलंय,
शेवटची दोन अक्षरं उरलीत, त्यांवरून
आम्ही तिला हाकही मारू शकत नाही.

इंग्रजी आम्हाला येतं तेवढंच येतं.
ती म्हणते, तू आला नाहीस,
मी ताट झाकून ठेवलंय.
अत्तारसाहेब म्हणतात, झाकून नाही, टाकून.
यात तीन रविवार गेले.
माझं मत विचारलं नाही. मी दिलं :
झाकूनच. टाकलं असतं तर एवढ्या हळू सांगितलं नसतं.

दुसऱ्या कडव्यात तिचा श्वास चुकतो.
शब्दाच्या मधोमध हवा संपते
आणि उरलेला शब्द ती नुसत्या ओठांनी पूर्ण करते.
पुढच्या बाजूवर हे खपलं नसतं.
पुन्हा गायला लावलं असतं, पुन्हा, पुन्हा,
गुळगुळीत होईपर्यंत.
इथे कुणी बघत नव्हतं. म्हणून राहिलं.

ज्या माणसाने एकतीस वर्षं
असल्याच चुका वेचून बाजूला काढल्या,
एक टिंब सरकलं तरी अख्खा कागद रद्द केला,
तो त्या श्वासापाशी डोळे मिटतो.
दर वेळी. आधीच मिटतो,
फाटक पडायच्या आधी थांबलेल्या सायकलस्वारासारखा.

नियम ठरला : रविवारी एकदाच.
सुई शेवटी सुईच.

एकदा दोघं चहाला गेले असताना
मी करडी बाजू लावली.
तव्यावर मीठ तडतडावं तसा आवाज, आणि त्याखाली, खोल,
तीच बाई, खुशीत, टाळ्यांसकट.
वाईट नव्हतं.
कुणीतरी हेही जीव लावूनच झिजवलं होतं.
हे मी अजून त्यांना बोलले नाही.
आमच्या बाईला आम्हीच शोधलं
असं वाटण्यात त्या दोघांचा रविवार आहे.

काल तबकडी पुसताना
काळ्या बाजूवर, ट्यूबलाइटच्या आडवी,
केसाएवढी करडी रेघ दिसली.
मी गुपचूप काकांच्या हातात दिली.
त्यांनी कडांवर तळवे टेकवून ती धरली,
तिरकी केली, उजेडाकडे नेली,
चष्मा कपाळावर सरकवला.
बराच वेळ.

अत्तारसाहेब बूच शोधत होते.

लाव, काका म्हणाले.