फक्त डोळे

एकोणचाळिसाव्या वर्षी मकरपुऱ्यातली नोकरी सुटली
(सुटली म्हणजे मी सोडली,
घरात अजून पहिलंच क्रियापद चालतं)
तेव्हा अलकापुरीतल्या एका बाईंनी पैसे घेऊन
माझ्या गुणांचं रंगीत वर्तुळ काढून दिलं.
दांडिया बाजारच्या मावशीनं फुकट सांगितलं: शनी आहे, थांब.
दोन्ही कागद मी एकाच फायलीत लावले.

मग फेब्रुवारीत, दुसरं काही सुचेना म्हणून,
विश्वामित्रीतल्या मगरी मोजायला नाव दिलं.

रात्रीचे साडेनऊ. पाण्याला गटाराचा वास,
पुलावरून वरात, स्कूटर, कुणाचं तरी "ए हालो!"
माझ्याकडे टॉर्च, रमिलाबेन राठवांकडे तक्ता.
अर्धा तास मी नदी उजेडानं झाडून काढली,
डावीकडून उजवीकडे, बिलं तपासायचे तशी.
एक पिशवी. एक टायर.
एक देवाची तसबीर, काचेसकट.
मगर नाही.

"नथी एवुं नथी," रमिलाबेन म्हणाल्या
आणि माझा लांब केलेला हात कोपरात दुमडून
टॉर्च माझ्याच कानशिलाला टेकवली.
"उजेड जिथून निघतो ना, तिथंच परत येतो.
तू तिथं नसतेस."

कानशिलावर कोमट पत्रा.
तीच नदी.
बाभळीखाली विडीच्या टोकाएवढं लाल.
मग आणखी एक.
मग त्या टायरापाशी, जो मी तीनदा मोजून सोडला होता, तिथं दोन,
न मिटणारे.
साडेनऊपासून त्या मला बघत होत्या.
आणि मकरपुरा! चौदा वर्षं त्या पाटीची बस पकडली,
नावातला मकर एकदाही दिसला नाही.

केवढी असेल? मी विचारलं. कुठं निघालीय?
तक्त्यात तसे रकाने होते, लांबी, दिशा,
आणि रिकामा रकाना मला शाळेपासून सोसत नाही.
रमिलाबेननी अगदी कडेच्या रकान्यावर बोट ठेवलं.
छापलेलं होतं: फक्त डोळे.
"दिसलं तेवढं लिही. बाकीचं पाण्यात आहे.
मोठी लिहिलीस नि उद्या पिल्लू निघालं, तर तक्ता खोटा.
काहीच नाही लिहिलंस, तरी खोटा."

त्या रात्री सतरा.
त्यातल्या अकरा, फक्त डोळे.

घरी आई जागी. माझ्या चपलांकडे बघून
तिनं नाक मुरडलं, मग तेच विचारलं,
वर्षभर विचारतेय ते: पुढं काय?
बी.एड.चं उत्तर तोंडाशी आलंच होतं. पाठ होतं.
"काहीतरी आहे," मी म्हटलं. "लांबी कळत नाही अजून."

तिनं वरण पुन्हा गॅसवर ठेवलं.
थोडा वेळ ढवळत राहिली.
"चावतं का?"