चौथा रकाना

मोलेच्या फाटकापाशी माझी खिडकी,
दीड फूट बाय दोन,
आतून डासांची जाळी ठोकलेली.
सहाला फळी वर करतो तेव्हा बाहेर
माणसं हात चोळत उभी असतात,
पुण्याची, बेळगावची, कधी मडगावचीच,
कालच्या समुद्राची वाळू अजून चपलांत.

वहीत रकाने चार.
गाडीचा नंबर. माणसं किती. वेळ.
चौथा : दिसलेले प्राणी.

तो गाडी परतल्यावर भरायचा.
गवे सात. सांबर एक, मादी.
शेकरू. धनेश, उडताना.
एका पोराने सांगितलं, "मुंगळे."
तेही लिहिलं. खोटं नव्हतं.

पण जाताना विचारतात सगळे एकच,
दबक्या आवाजात, बैठकीत हुंड्याचं विचारावं तसं :
"दिसेल ना?"
आणि येताना खिडकीशी थांबत नाहीत,
भुवयांवर तांबडी धूळ, कॅमेऱ्यांना झाकणं.
फटी गावकर स्टिअरिंगवरून समजूत घालतो,
"तुम्हांला नाही दिसला, त्याने तुम्हांला बघितलं असणार."
हे वाक्य तो अकरा वर्षं फुकट देतो,
पाण्याच्या बाटलीबरोबर.

मीही पाहिलेला नाही.
साहेबांच्या टेबलावर प्लास्टरात उमटवलेला त्याचा पंजा आहे,
पंख्याच्या वाऱ्याने डिझेलची बिलं उडू नयेत म्हणून
त्यांच्यावर ठेवलेला.
मी कधीतरी, कुणी नसताना,
आपला तळवा त्यावर ठेवून बघतो.
पुरत नाही.

मार्चमधल्या एका संध्याकाळी
घाटात मालगाडी शिटी देत होती, मी गल्ला मोजत होतो,
आणि ठकूबाय वरक आली. वरच्या धनगरवाड्यावरून, चालत.
लोक जिथे नोटा सरकवतात तिथे तिने
म्हशीच्या गळ्यातली लाकडी घंटा ठेवली.
दोरी तुटलेली नव्हती, कापलेली होती. तिनेच कापली असावी.
"नुकसानीचा कागद द्या."

कागदावर प्रश्न नववा :
हल्ला करणारा प्राणी अर्जदाराने प्रत्यक्ष पाहिला काय?
पुरावा जोडावा.

"पाहिला की. झऱ्याच्या अलीकडं.
चांदरीच्या पाठीवर हात टाकून बसलेला.
म्हटलं, बाबा, ऊठ.
उठला नाय. नुसतं वर बघितलं,
आमचा थोरला जेवताना बघतो तसं,
ताट ओढू नको म्हणून."

"फोटो?" मी म्हटलं. म्हणावं लागतं.

ती हसली. पुढचे दोन दात नव्हते.
"दोन पावलं मागं सरले. तेवढाच."

मग आपणहून सांगू लागली,
यंदा वाघरोच्या दगडापुढं नारळ राहिला,
सून बाळंत होती, घरात सोयर,
पुढं राहूनच गेलं. त्याचा वाटा होता, त्याने नेला.
"मग अर्ज कशाला करतेस?"
"त्याचा वाटा त्याला पोचला.
माझ्या दुधाचं कोण बघणार? तो?"

नवव्या प्रश्नापुढे मी 'होय' लिहिलं.
पुराव्यापुढे काय लिहावं ते सुचेना,
'घंटा' लिहिलं आणि अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे केला.
तिने तो बाजूला सारून
सावकाश, रेघ न सोडता, सही केली.
घंटा परत नेली. पाडी मोठी होतेय म्हणाली.

ती गेल्यावर वही पुन्हा उघडली.
गाडी : पायी.
माणसं : एक.
वेळ : दूध काढायच्या आधी.
चौथ्या रकान्यात दोन अक्षरं लिहिली,
अकरा वर्षांत पहिल्यांदा,
आणि 'घ' जरा वाकडा गेला.

दुसऱ्या दिवशी टोपीवाले एक गृहस्थ
जाळीला नाक लावून वही वाचत होते.
"अहो, हा दिसलाय की काल!
हे पायी कुठलं? आम्हांला पण तेच द्या.
केवढ्याला आहे?"

मागे रांग वाढत होती.
फटीने दोनदा हॉर्न दिला.
मी त्यांचे सुटे पैसे मोजत राहिलो.