हवा कुठून घेणार

हवल्लीच्या त्या गल्लीत गुरुवारी रात्री
नवानंतर पार्किंग मिळालं,
तेही मशिदीमागे, रेतीत.

शाल्मलीच्या हातात वहीचं पान.
महिनाभर खोडून खोडून
रुमालासारखं मऊ पडलेलं.
वर लिहिलंय : तीनशे दहा दिनार.
खाली रेघ.
रेघेखाली आकडे, बाण, पुन्हा आकडे.

मला त्यातलं एकच कळलं :
ग्राफिक्स कार्ड म्हणजे घरचा जावई.
आधी त्याचं पान वाढायचं,
उरल्यासुरल्यात बाकीच्यांनी भागवायचं.

"प्रोसेसर एवढा भारी नको, बाबा.
कार्ड दमलं तर तो नुसता बसून राहील."
पंधरा वर्षांची पोर,
माझ्या फोरमनपेक्षा बरी माणसं लावते कामाला.

बासिल दमास्कसचा.
त्याची हिंदी आमच्याच लोकांकडून शिकलेली, शिव्यांसकट.
म्हणाला, पॉवर सप्लाय हलका घ्या,
अठरा दिनार वाचतील, रॅम डबल होईल.

इथे मात्र पान मी हातात घेतलं.
एकवीस वर्षं छपरांवर चढतोय.
जुलैच्या दुपारी पत्र्याला हात लावून सांगतो
कोणता कॉम्प्रेसर कशानं गेला.
बहुतेक वेळा
वाचवलेल्या अठरा दिनारांनीच गेलेला असतो.

रॅम अर्धी राहू दे. पुढच्या वर्षी लाव.
तिनं खोडलं.
पान तिथं फाटलं.

मग डबा.
मी मोठ्यातला मोठा दाखवला,
पुढून जाळीचा, तीन पंख्यांचा,
कोपरापर्यंत हात घालून काम करता येईल असा.
तिनं बोट ठेवलं एका बुटक्यावर,
चपलांची दोन खोकी एकावर एक, एवढाच.

मी चिडलो.
अगं, हा हवा कुठून घेणार?
बाहेर पन्नास. तोझ सुटला की
पंख्यावर पिठासारखी धूळ बसते.
गरम हवेला वाट नको का?
दिसायला गोंडस म्हणून वस्तू घेत नसतात.

ती काही बोलली नाही.
पिशवीतून टेप काढला. माझाच,
टूलबॉक्समधून आठवडाभर गायब असलेला, पिवळा.
डब्याला तिन्ही बाजूंनी लावला
आणि हळूच म्हणाली,
"केबिन बॅगेत बसतो.
कार्ड तेवढं आईच्या बॅगेत."

अकामा मार्चपर्यंत आहे.
कंपनीत काय चाललंय
ते मी घरात काढलं नव्हतं.
गॅलरीत जाऊन बोलायचो फोनवर, दार लावून.
दाराला लागून तिचं टेबल.

बासिल थांबून होता.
"छोटा ज्यादा गरम होगा," म्हणाला.

मला का माहीत नव्हतं?

मी पान उलटं केलं.
कोऱ्या बाजूला डबा काढला, मग बाण.
थंड खालून, इथून.
गरम वरून, कारण ती वरच जाते,
तिला ढकलावं लागत नाही,
फक्त आडवं कुणी यायला नको.
पंखा एकच, पण नीट बसवलेला.
खाली बारीक जाळी, तोझसाठी.
ती मी कापून देईन,
सालमियाच्या शाळेतल्या डक्टची उरलीय.

बासिलनं चहाचा पेला खाली ठेवला.
"मुहंदिस!"
मी म्हटलं, इंजिनीअर ती.
माझ्याकडे फक्त हवा.

दीड वाजता घरी बटण दाबलं तर
पडदा काळाच.
तिचं तोंड एवढंसं झालं.
पुन्हा उघडलं. अर्धीच घेतलेली रॅम,
तीही नीट बसली नव्हती.
अंगठ्यानं दाबली. टक्.

मग त्यात काय उजळलं,
कुठला डोंगर, कसली तलवार, मी पाहिलं नाही.
मी डब्याच्या वर तळवा धरून उभा होतो.
कोमट येत होतं. सरळ, न अडखळता.

सकाळी खोकं कचऱ्यात न्यायला निघालो
तर तिनं हातातून काढून घेतलं.
कपाटावर ठेवलंय आता,
आतल्या थर्माकोलसकट.