वजनकाट्यावरची बैठक

रविवारी साडेनऊला केळीची शेवटची गाडी
काट्यावरून उतरते, मग आम्ही
केबिनमध्ये खुर्च्या सरकवतो. सहा जण.
मागच्या महिन्यात सात होतो;
चोपड्याच्या नितेशला पुण्यात जावाची नोकरी लागली.
त्यावर कुणी काही बोललं नाही,
मोडलेल्या सोयरिकीवर बोलत नाहीत तसं.

पहिली बातमी देवयानी बोंडेची:
कंपायलरची नवी आवृत्ती आली.
चूक झाली की आता तो नीट सांगतो
कोणत्या ओळीत, काय हवं होतं, तू काय दिलंस.
"तहसीलले बसवा तो," खेमचंद झोपे म्हणाला,
त्याचा सातबारा तिसऱ्यांदा परत आलाय.

मग यशोधरा, धुळ्याहून दोन बस बदलून येणारी,
पुनरावर्तनावर अडली.
फलन स्वतःलाच बोलावतं, ते पुन्हा स्वतःला,
पण थांबायचं कुणी सांगायचं?
खेमचंदने खिडकीबाहेर अंधारात बोट दाखवलं:
झाडाच्या बुडाशी पील, पिलाच्या बुडाशी पील,
बाग आपल्या आपणच चालत राहते.
"मंग दुसऱ्या खोडव्यानंतर बाप नांगर घालतो.
तो तुझा थांबा."
तिने वहीत नांगर काढला. बरा काढला.

मी काट्याचं बोललो.
माझं फलन शुद्ध आहे, हे मी तीन वर्षं सांगत आलोय:
तीच गाडी द्या, तेच वजन घ्या,
आत काही लपवत नाही, बाहेर काही बदलत नाही.
मंगळवारी एकच गाडी, एकच माल,
दहा मिनिटांच्या अंतराने दोन पावत्या.
फरक सत्तर किलो.
व्यापारी ओरडला, शेतकरी ओरडला,
मी रात्री दोनपर्यंत कोड वाचला, एकेक ओळ.
इरफान पिंजारीने चहा संपवला, मग विचारलं,
"पहिल्या येळेले ड्रायव्हर कुठी होता?"

आत होता.
दुसऱ्या वेळेला टपरीवर, कटिंग पीत.

कुणी हसलं नाही, हेच जास्त लागलं.
देवयानी एवढंच म्हणाली, "फलनाला ड्रायव्हर दे.
जे वजनात येतं ते कंसातही आलं पाहिजे."
तेव्हापासून पावतीवर एक नवा रकाना आहे:
चालक गाडीत, होय किंवा नाही.
चालकांना तो आवडत नाही.

शेवटची बातमी मी मुद्दाम शेवटी ठेवली होती.
ज्या माणसाने अकरा वर्षं
तारखांची लायब्ररी सांभाळली, एकट्याने, फुकट,
कुठल्याशा बर्फाच्या देशात बसून,
लीप वर्षं, मध्यरात्री, सगळ्या जगाची घड्याळं,
त्याने एका ओळीत कळवलंय:
थकलो. किल्ली ज्याला हवी त्याने घ्यावी.

सावद्यातून निघणाऱ्या प्रत्येक पावतीवर
त्याच्या हातची तारीख आहे.
त्याला सावदा माहीत नाही.

पंखा तेवढा फिरत राहिला.
"आपन घेऊ," खेमचंद म्हणाला.
"आपन? सहा जन?"
"तो तर एकटाच होता."
मग साडेअकरापर्यंत भांडण:
यशोधराला आधी चाचण्या हव्यात,
देवयानीला आधी त्याचे आभार,
इरफान विचारत राहिला, रमजानमध्ये
रात्री दोनला काही मोडलं तर उठणार कोण,
आणि स्वतःच म्हणाला, मी तर जागाच असतो.

इतक्यात रावेरकडून एक चुकलेला ट्रक आला.
मी उठलो. चालक आत, होय.
नऊ हजार आठशे चाळीस.
पावती सरकत बाहेर आली, तारीख बरोबर,
अजून तरी बरोबर.

पत्राचा मसुदा टेबलावर आहे.
पहिला शब्द 'आदरणीय' की नुसतं 'दादा',
यावर एकमत नाही.
पुढची बैठक ट्रक संपल्यावर.