बाटलीतलं निळं

एवारिस्तो म्हणायचा : काटा खोटं बोलतो, काठी नाही.
म्हणून शिडी लावून पंखावर चढायचं,
टाकीत वेळूची काठी बुडवायची,
ओली खूण वाळायच्या आत वाचायची.

वारा कुठला, ते गायींना विचारायचं.
पाम्पावर त्या वाऱ्याकडे पाठ करून चरतात.
इंजिनाच्या झाकणाखाली हात घालायचा :
ओर्नेरो पक्ष्यानं दोन दिवसांत चिखल आणलेला असतो.
त्याला घर हवंय, मला दुपारचे दोन तास.

आणि टाकीच्या तळातलं पेट्रोल, घोटभर, बाटलीत.
पाणी असलंच तर मण्यासारखं खाली बसतं.

त्या रविवारी मणी नव्हता.
मी बाटली उंच धरली, उन्हात,
निळी, नितळ.
"निघू या," म्हणाले.

नेलिदानं मॅटेचा तुंबा मांडीवर ठेवला.
"खाली घे. पंखाच्या पांढऱ्यावर धर."

पांढऱ्यावर ती पांढरीच राहिली.
वास घेतला. कसलाच नाही.
आठवडाभराचा पाऊस
झाकणाच्या चिरलेल्या रबरातून
थेंब थेंब उतरून बसला होता,
आणि मी त्याच्यावर बसून
गव्हाच्या शेतांवरून जाणार होते.

कुणी रागावलं नाही.
संध्याकाळपर्यंत टाकी उपसली,
हँगरमागं मांस भाजलं,
एवारिस्तोनं मला सगळ्यात जळका तुकडा दिला.

आता नवी पोरं येतात, बाटली उंच धरतात.
मी तुंबा खाली ठेवते.
आभाळासमोर नको रे, रामिरो.
ते आपला रंग कुणालाही उसना देतं.